चित्र निवडतो कोण?

1867 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात युरोपातील पंधरा राजपुत्रांनी एका करारावर सह्या केल्या. करार तहाचा नव्हता, व्यापाराचाही नव्हता. प्रत्येक देशाने आपल्याकडच्या उत्तम कलाकृतींच्या प्लास्टरच्या आणि धातूच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती एकमेकांच्या संग्रहालयांना पुरवावीत, एवढेच त्यात ठरले होते. या खटपटीमागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे हेन्री कोल होते. ज्या कारागिराला आणि ज्या विद्यार्थ्याला रोमला जाणे परवडणार नाही, त्याच्यापुढे रोमच आणून ठेवावे, हा त्यांचा हेतू. सहा वर्षांनी त्या संग्रहालयात प्रतिकृतींची प्रचंड दालने उघडली. ट्राजनच्या स्तंभाची प्रतिकृती छताला पुरेना, म्हणून ती दोन तुकड्यांत उभी करावी लागली. आज एखादे कलाशिक्षक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर चित्र टाकतात, विद्यार्थी पिंटरेस्टवर ‘रेफरन्स’ गोळा करतात, इन्स्टाग्रामवर एकमेकांचे काम पाहतात आणि हे सारे गेल्या दहापंधरा वर्षांतच उपटले, असे समजून आपण त्यावर वाद घालतो. दूरची चित्रे वर्गात आणण्याचा उद्योग त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि मुंबईच्या कलाशिक्षणाचा तर तो पायाच होता. तो इतिहास नीट पाहिला तर वादाचा मुद्दा वेगळ्याच जागी सापडतो. चित्रे बाहेरून यावीत की नाहीत, हा प्रश्न इथे कधी फार वेळ टिकला नाही. कोणती चित्रे यावीत आणि ती कोणी निवडावीत, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. मला ती भांडणे मोलाची वाटतात, कारण आजच्या साधनांनी नेमकी तीच बंद पाडली आहेत.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा (जे.जे.) सुरू झाली. मद्रास आणि कलकत्त्याच्या शाळा तिच्या थोड्या आधीच्या. या शाळांना अभ्यासक्रम मिळाला तो साउथ केन्सिंग्टनचा. त्यात पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी छापील तक्त्यावरची बाह्यरेषा उतरवायची, मग तक्त्यावरचीच छायांकित आकृती, त्यानंतर प्लास्टरचा अलंकार, त्यानंतर प्लास्टरचा पुतळा आणि माणूस सगळ्यांत शेवटी. गिरगावातला किंवा भायखळ्यातला मुलगा ग्रीक खांबाच्या माथ्यावरचे अकॅन्थसचे पान घोटून घोटून काढी. ते झाड त्याने कधी पाहिलेले नसे. आज हे हास्यास्पद वाटते आणि त्यातला वासाहतिक अहंकार नाकारण्याचे कारण नाही. तरी त्या पद्धतीची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वर्गात आलेली प्रत्येक प्रतिमा थोडी होती, मोजकी होती आणि तिच्यासमोर विद्यार्थ्याला कित्येक दिवस बसावे लागे. प्लास्टरच्या नाकाखाली पडलेली सावली कागदावर उतरवताना मधला राखाडी सापडेपर्यंत शिक्षक पुढच्या पायरीवर जाऊ देत नसत. निवड परकी होती, पण पाहणे सक्तीचे होते. पुढे सरकारी चित्रकला परीक्षांमधून याच वळणाची ‘फ्री हँड’ आणि ‘मॉडेल’ शाळाशाळांत पोचली. आजही एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणारी मुले वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशी जी विभागणी गिरवतात, तिच्या तळाशी त्या पायऱ्यांचीच शिस्त आहे.

या परक्या तक्त्यांच्या वर्गातून पहिली मोठी वाट काढली ती अजिंठ्याने. जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे दोघे 1865 मध्ये शाळेत शिकवायला आले. किपलिंग इथल्या कारागिरांकडे वळले, ग्रिफिथ्स लेण्यांकडे. त्यांच्याही आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी 1840 च्या दशकापासून अजिंठ्याची भित्तिचित्रे कॅनव्हासवर उतरवली होती. पण लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यांची बहुतेक कामे 1866 च्या आगीत गेली. तेव्हा ग्रिफिथ्स यांनी सरकारकडून पैसे मिळवले आणि 1872 पासून 1885 पर्यंत, मधल्या खंडांसह, हिवाळ्यात जे.जे.चे विद्यार्थी घेऊन ते अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे ते व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. लेण्यात उजेड अपुरा, भिंतीवरचा गिलावा जागोजागी उडालेला, काजळी आणि धुळीने रंग मंदावलेले. मुले समोरची भिंत तैलरंगात मोठ्या कॅनव्हासवर उतरवत होती. जिथे गिलावा पडला होता तिथे पडकीच भिंत रंगवत होती. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. अकॅन्थसचे पान काढून सराव झालेल्या हाताने पद्मपाणीच्या भुवईची एका दमात ओढलेली रेषा उतरवायला घेतली तेव्हा त्या हाताला काय कळले असेल, याची नोंद नाही. पण कमळवेली, हत्ती, हंस आणि छतावरची चौकटीतली नक्षी यांचा या विद्यार्थ्यांनी जितक्या जवळून अभ्यास केला, तितका त्यापूर्वी कित्येक शतकांत कोणी केला नसेल. शहरातही त्याच काळात असे काम चालू होते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी सजावटीवर जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी काम केले, आणि तिथे पाने, पक्षी, माकडे इथली आली.

अजिंठ्याच्या या उद्योगाची काळी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण प्रतिमांची देवाणघेवाण निरुपद्रवी असते हा समज तिथेच मोडतो. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी भित्तिचित्रांवर वार्निश फिरवले. गिल यांनीही तेच केले होते. कालांतराने वार्निश पिवळे-काळे पडले आणि पुढच्या पिढ्यांना मूळ रंगापर्यंत पोचण्यासाठी ते काढत बसावे लागले. प्रतिकृती चांगली व्हावी म्हणून मुळाला इजा झाली. शिवाय चित्रे लंडनला रवाना झाली आणि 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतली बरीच जळाली. ज्या विद्यार्थ्यांनी ती काढली, त्यांच्या शाळेत ती राहिलीच नव्हती. 1896-97 मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्या छापील पानांवरून अजिंठा जगभर गेला. पुढे 1909 ते 1911 मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण तिथे नक्कल करायला आले, तेव्हा बंगालच्या चित्रकलेलाही त्या भिंतींनी वळण दिले. नक्कल करणाऱ्याची मौलिकता मरते, असा आक्षेप आज ‘रेफरन्स’ वापरणाऱ्या मुलांवर घेतला जातो. नंदलाल बोसांचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. नकलेने त्यांचे काही गेले नाही, कारण त्या नकलेसाठी त्यांनी महिनेच्या महिने भिंतीसमोर घालवले होते. नक्कल किती खोल आहे, हा प्रश्न विचारायला हवा. नक्कल करावी की करू नये, हा त्यामानाने वरवरचा.

शाळेच्या भिंतीबाहेर तोवर दुसरेच वारे वाहत होते. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवादिकांची, पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर गेली. 1894 मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीने देवघरे व्यापली, दुकाने व्यापली आणि चित्रकला शिकू पाहणाऱ्या, पण जे.जे.पर्यंत न पोचणाऱ्या असंख्य मुलांना गुरू दिला. शिकण्याची रीत सोपी होती आणि ती अजूनही मेलेली नाही. छापील चित्रावर पेन्सिलीने चौकडी आखायची, मोठ्या कागदावर तेवढ्याच संख्येची मोठी चौकडी आखायची आणि एकेक घर उतरवत जायचे. बोर्ड रंगवणारे पेंटर, सिनेमाची पोस्टरे करणारे, रांगोळीत व्यक्तिचित्र काढणारे या साऱ्यांचे हे हत्यार. या रीतीने हाताला प्रमाण कळते, पण कापडाचा पोत, अंगाचे वजन, प्रकाश कुठून येतो हे आपोआप कळत नाही. ते विचारायला समोर कोणी तरी लागतो. रविवर्म्यांच्या छापील चित्रांवर कलाशाळेतल्या आणि विशेषतः बंगालमधल्या जाणकारांनी पुढे सडकून टीका केली. बाजारू, नाटकी, युरोपाळलेली अशी विशेषणे त्यांना लागली. ती टीका रास्त की अन्यायाची, हा वाद वेगळा. इथे महत्त्वाचे हे की ती टीका होऊ शकली. चित्र कुठून आले, कोणी छापले, कोणत्या आवडीने छापले, हे सर्वांना ठाऊक होते.

कोणत्या प्रतिमा विद्यार्थ्यापुढे ठेवाव्यात, यावरची सर्वांत तीव्र लढत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत झाली. ई. बी. हॅवेल 1896 मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. शाळेच्या कलादालनातली युरोपीय चित्रे त्यांनी बाजूला काढली आणि त्यांच्या जागी मोगल आणि इतर भारतीय कामे आणली. गंमत अशी, की विरोध विद्यार्थ्यांनी आणि देशी वृत्तपत्रांनीच केला. आम्हांला युरोपीय चित्रकलेपासून वंचित ठेवून मागास ठेवण्याचा हा डाव आहे, असा त्यांचा संशय होता. मुंबईत वारे उलट्या दिशेने वाहिले. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन 1919 मध्ये जे.जे.चे प्रमुख झाले. त्यांनी नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला आणि पाठोपाठ भित्तिचित्रांचा वर्गही. शरीरशास्त्र पश्चिमेचे, रचना अजिंठ्याची, असा त्यांचा मेळ होता. बंगालच्या अनुयायांना तो भेसळ वाटला, मुंबईकरांना बंगालचे काम धुरकट आणि हाडे नसलेले वाटले. वर्तमानपत्रांत लेखांवर लेख आले. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे शिक्षक या साऱ्या काळात शाळेत होते. विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून तिथे काढलेल्या वर्षांवर त्यांनी 1940 मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिले. दोन्ही बाजूंचे किती बरोबर होते हे आज सांगता येईल, पण त्या वादाचा लाभ त्याहून मोठा होता. वर्गातल्या तक्त्यावर, पुतळ्यावर, छापील चित्रावर कोणाची तरी सही होती आणि ती सही खोडायला कोणी तरी उभे राहू शकत होते.

नंतरच्या पिढीला चित्रे आणखी आडवाटेने मिळाली. चार्ल्स जेरार्ड 1936 पासून जे.जे.चे प्रमुख होते आणि त्यांच्या काळात आधुनिक युरोपीय चित्रकलेला शाळेत जागा मिळाली. पण खरी देवाणघेवाण शाळेबाहेर झाली. नाझी राजवटीतून निसटून मुंबईत आलेले वॉल्टर लांगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, युरोपीय चित्रांच्या छापील प्रती हातोहात फिरत, आणि त्यांवर तासन्‌तास बोलणे होई. रुडॉल्फ फॉन लायडन हे समीक्षक आणि इमान्युएल श्लेसिंगर हे संग्राहकही याच वर्तुळातले. 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्याच्या मागे या बैठका होत्या. छापील चित्र तिथे संपत नव्हते, तिथून ते सुरू होत होते. छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी काश्मीरमध्ये रझांची चित्रे पाहून सेझान अभ्यासा असे सुचवले, आणि रझा फ्रेंच शिकून 1950 मध्ये पॅरिसला गेले. हुसेन सूझांबरोबर 1948 मध्ये दिल्लीला भारतीय कलेचे प्रदर्शन पाहायला गेले. तिथली मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे पाहून त्यांच्या रेषेला आणि रंगाला वेगळेच वळण लागले. एका तरुणाला मूळ सेझान पाहायला समुद्र ओलांडावा लागला, दुसऱ्याला आपल्याच देशातली शिल्पे पाहायला दिल्ली गाठावी लागली; आणि दोघांनाही तिकडे ढकलणारा कोणी ओळखीचा माणूस होता.

त्याच्या कितीतरी आधीच जगभरच्या वर्गांत काचेच्या स्लाइड्स रूढ झाल्या होत्या. कलेतिहासकार हाइनरिख वोल्फलिन दोन स्लाइड्स शेजारी शेजारी टाकून तुलना करत शिकवत, आणि ती पद्धत आजही आपल्या कलेतिहासाच्या तासाला चालते. पण याच वोल्फलिनने छायाचित्रांवर सर्वांत कडक लेख लिहिले. शिल्प चुकीच्या कोनातून टिपले तर शिल्पकाराने जे केलेच नाही ते विद्यार्थी शिकतो, असे त्याचे म्हणणे होते. तंत्र वापरणाऱ्यानेच तंत्राची मर्यादा सांगितली. आज इतका स्पष्टपणा मला क्वचित दिसतो.

इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झाले, पिंटरेस्टही त्याच वर्षी. 2011 मध्ये गूगलने संग्रहालयांची चित्रे जालावर आणण्याचा प्रकल्प काढला, 2012 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती मोफत खुल्या केल्या. याचे मोल कमी लेखणे अन्याय होईल. ज्या गावात चित्रकलेचे एकही पुस्तक नाही, जिथे कलाशिक्षकाला आठवड्यातून दोन तासिका मिळतात आणि त्यांतलीही एक गणिताला जाते, तिथली मुलगी आज रेम्ब्रांच्या रंगलेपावरची भेग पडद्यावर मोठी करून पाहू शकते. मूळ चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रवाशालाही इतक्या जवळ जाऊ देत नाहीत. दुसरे असे की छापील चित्राने आणि स्लाइडने जे कधीच दाखवले नाही ते या साधनांनी दाखवले, आणि ते म्हणजे काम करणारा हात. प्लास्टरचा पुतळा पूर्ण झालेला असे, रविवर्म्यांचे छापील चित्र पूर्ण झालेले असे. ते कसे झाले हे सांगायला गुरू लागे. आज जलरंगाचे प्रात्यक्षिक फोनवर दिसते. आकाशाचा वॉश कसा उतरवला, कागद किती तिरपा धरला, ब्रश कुठे उचलला, हे सारे. महाराष्ट्रात जलरंगातल्या निसर्गचित्रणाची परंपरा दीर्घ आहे आणि तिचे बरेचसे शिक्षण नेहमीच प्रात्यक्षिकातून झाले आहे. ते आता गावोगाव पोचते, ही मोठी गोष्ट आहे.

मात्र त्या प्रात्यक्षिकाकडे जरा बारकाईने पाहा. चाळीस मिनिटांचे काम चाळीस सेकंदांत धावते. त्यात ब्रश राहतो आणि थांबणे निघून जाते. जलरंगात तर सारे शिक्षण थांबण्यात आहे. पहिला थर अजून चमकत असताना दुसरा रंग लावला तर तो पसरतो, चमक गेली पण कागद ओला असताना लावला तर कडा फुलकोबीसारख्या फुटतात, पूर्ण वाळल्यावर लावला तर धार स्वच्छ येते. कागद तिरका धरून त्याच्या पृष्ठावरची चमक पाहायची आणि हात आवरायचा, एवढे शिकायला मुलाला एक हंगाम लागतो. धावत्या चित्रफितीत तीच चमक कापली जाते. असेच आकाराचे. ऑगस्ट 2015 पर्यंत इन्स्टाग्रामवर प्रत्येक चित्र चौरसातच बसवावे लागे. आता तो नियम नाही, पण उभ्या फोनवर आडवे चित्र बोटभर उंचीचे दिसते आणि म्हणून कोणी ते टाकत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर जातकातली कथा चालत चालत पाहायची असते. राजवाडा, बाग, मिरवणूक, अरण्य असे प्रसंग एकमेकांत मिसळत जातात. फोनवर येतो तो पद्मपाणीचा चेहरा, एकटा. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी पडक्या गिलाव्यासकट भिंत उतरवली होती. या बाबतीत त्यांची प्रत आजच्या प्रतिमेपेक्षा अधिक प्रामाणिक होती. चित्राखाली चित्रकाराचे नाव नसते, माप नसते, माध्यम नसते. तळहाताएवढे लघुचित्र आणि खोलीएवढा कॅनव्हास पडद्यावर एकाच मापाचे होतात आणि विद्यार्थी दोन्हींना एकाच ब्रशने भिडतो.

तरीही या उणिवा भरून काढता येण्याजोग्या आहेत. शिक्षक मापे सांगू शकतो, चित्र पूर्ण दाखवू शकतो. न भरून येणारी गोष्ट दुसरीच आहे. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने चित्रांचा क्रम बदलला. तोवर आधी टाकलेले चित्र खाली, नंतर टाकलेले वर, असा साधा काळाचा क्रम होता. त्यानंतर कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्र क्रम लावू लागले. वर्गातल्या साठ मुलांपुढे आता साठ वेगळ्या भिंती असतात. ज्याने एकदा फोटोसारखे हुबेहूब पेन्सिल-चित्र पाहिले, त्याला तशीच शंभर दिसतात. आणि हुबेहूबपणा हीच कला, असा त्याचा समज कोणी न शिकवता पक्का होतो. नग्नाकृतीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जे.जे.मध्ये मॉडेलवरून रेखाटन सुरू होऊन शतक उलटले. 2011 मध्ये मात्र फ्रान्समधल्या एका शिक्षकाने गुस्ताव्ह कूर्बेचे नग्नचित्र फेसबुकवर टाकले आणि त्याचे खाते बंद झाले; प्रकरण पॅरिसच्या न्यायालयात 2018 पर्यंत रखडले. कूर्बेचे ते चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात उघड्यावर लटकते. शिक्षकाने वर्गाला काय दाखवावे, हे इथे ठरवले एका परदेशी कंपनीच्या नियमावलीने.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. शिक्षकाची निवड तरी कुठे निर्मळ होती? साउथ केन्सिंग्टनने अकॅन्थस लादला, सॉलोमन यांनी आपली आवड लादली, शतकभर वर्गात स्त्री चित्रकारांची, आदिवासी चित्रकारांची, वारली भिंतींची नावे जवळजवळ नव्हती. उलट फोनवर वारली चित्रे आहेत, स्त्रियांची चित्रे आहेत, दूरच्या देशांतली आहेत. मग निवडीचा अधिकार शिक्षकाकडे परत द्या म्हणणे म्हणजे जुनीच मक्तेदारी मागणे नव्हे का? आक्षेपातली वस्तुस्थिती मी पूर्ण मान्य करतो. शिक्षकांच्या निवडीने अनेकांना वगळले. पण ते वगळणे दिसत होते, म्हणून त्याविरुद्ध बोलता आले. हॅवेल यांच्याविरुद्ध विद्यार्थी उठले, सॉलोमन यांच्यावर लेख आले, सूझांना 1945 मध्ये जे.जे.तून काढले गेले आणि दोनच वर्षांत त्यांनी गट उभा केला. वादाला समोर माणूस होता, त्याचे नाव होते, त्याची शाळा होती. यंत्राच्या निवडीला नाव नाही, कारणे नाहीत, आणि तिच्याशी भांडायला वर्गात कोणी उरत नाही. कारण प्रत्येकाला वेगळेच दिसते, तर भांडण होणार कशावर? साठ मुलांनी एकच चित्र पाहिले तर त्यांच्यात मतभेद होतो. वारली भिंत फोनवर येते हे खरे. पण ती बहुधा कुर्त्यावरच्या नक्षीच्या रूपाने येते, लग्नाच्या चौकाच्या रूपाने नाही. ती चौक म्हणून यावी, यासाठी कोणी तरी ती तशी निवडून दाखवावी लागते.

म्हणून कलाशिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. फोन वर्गाबाहेर ठेवू नका. मुंबईच्या कलाशाळेने प्लास्टर, स्लाइड, छापील प्रत यांपैकी काहीच बाहेर ठेवले नाही आणि ठेवले असते तर तिचे नुकसान झाले असते. पण आठवड्याला एक चित्र तुम्ही स्वतः निवडा आणि गटावर टाका. चित्र पूर्ण टाका, कापलेले नको. खाली चित्रकाराचे नाव, साल, माध्यम, माप आणि ते आज कुठे आहे हे लिहा. ते का निवडले हे दोन ओळींत सांगा. मुलांना आठवडाभर त्याच एका चित्रासमोर बसवा, त्यातला एक भाग उतरवू द्या आणि शेवटी त्यांना तुमच्या निवडीवर टीका करू द्या. सुरुवात जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्यात काढलेल्या चित्रांपासून करता येईल. आगीतून वाचलेली ती चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजेच पूर्वीच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, आहेत, आणि त्यांतली अनेक त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मापांसकट पाहायला मिळतात.